खाऱ्या वाळूतल्या बाई

समुद्र सोडला, तर बाई सगळ्यालाच घाबरत.

गॅसला, कुलपाला, उतू जाणाऱ्या दुधाला, डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याला. स्टाफरूममध्ये आल्या की आधी वर बघायच्या, पंख्याचा अंदाज घ्यायच्या, खुर्ची हातभर सरकवायच्या आणि मग बसायच्या. त्या विज्ञान शिकवत, पण प्रयोगशाळेतला बर्नर पेटवायला शिपायाला बोलावत. मी त्याच शाळेत मराठी शिकवत होते. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात आमची घरं पाठीला पाठ लावून होती, त्यामुळे सकाळी आम्ही एकाच रिक्षानं निघायचो. रिक्षा कोपऱ्यावर पोचली की बाई म्हणायच्या, "थांबा जरा, एकदा बघून येते." मग मागं जाऊन कुलूप ओढून बघायच्या, खिडकीतून शेगडीकडे नजर टाकायच्या आणि परत येऊन बसायच्या. एकदा त्या काही बोलल्याच नाहीत, तर रिक्षावाल्यानं विचारलं, "म्याडम, आज बघून यायचं न्हाय का?" त्यानं विचारलं आणि बाई उतरून घराकडे पळाल्या. त्या दिवशी आम्हा दोघींची प्रार्थना चुकली.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. मी एकदा धीर करून कारण विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, एकटीचीच इतकी काळजी वाटते. त्यात आणखी माणसं कुठं घेऊ?"

धातू शोधायचं मशीन त्यांच्याकडे आलं तेही काळजीपोटीच. शाळेची सहल कोकणात गेली होती आणि नववीतल्या एका मुलीच्या कानातलं फूल वाळूत पडलं. बाई गुडघ्यांवर बसून दिवस मावळेपर्यंत हातानं वाळू चाळत राहिल्या. मिळालं नाही. मुलगी कोल्हापूर येईपर्यंत रडली आणि मग झोपली. बाई सोलापूरपर्यंत जाग्या होत्या. पुढं कितीतरी दिवस मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता मला म्हणायच्या, "तिथंच असेल गं ते. आपल्याला दिसत नाही एवढंच." शेवटी पुण्यातल्या भाच्याकरवी त्यांनी मेटल डिटेक्टर मागवला.

लांब दांडा, टोकाला ताटाएवढी तबकडी, मुठीजवळ एक डबी आणि कानाला लावायला हेडफोन. अंगणात फिरवून बघितला तेव्हा आमच्या काळ्या मातीतून त्यानं खिळे, बाटल्यांची बुचं आणि सायकलची गंजकी साखळी शहाण्यासारखी शोधून दिली. पण समुद्रावर नेला आणि ओल्या वाळूत पाऊल टाकलं, तसा तो किंचाळायला लागला. कोरड्या वाळूत गप्प, ओल्या वाळूत नुसती बोंब. बाईंनी हेडफोन काढून माझ्या कानांना लावला.

"ऐक. मीठ बोलतंय."

खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, म्हणून मशीनला अख्खा किनाराच धातूचा वाटतो, हे त्यांनी मला तिथं उभ्या उभ्या समजावलं. ते मशीन भाच्याकडे परत गेलं आणि खाऱ्या वाळूत चालणारं दुसरं आलं. त्यालाही आधी चुचकारावं लागे. बाई तबकडी ओल्या वाळूवर सावकाश वर उचलत, खाली नेत, परत उचलत. आवाज निवला की मग चालायला लागत. मशीनचा कान त्या मुद्दाम थोडा मंद ठेवत. "जास्त ऐकायला गेलं की मीठच ऐकू येतं," असं त्या म्हणायच्या, आणि हे वाक्य त्यांनी पुढं मुख्याध्यापकांच्या बाबतीतही वापरलं.

वाळू उपसायला त्यांनी मधल्या मारुतीजवळच्या दुकानातून बुंदी पाडायचा मोठा झारा आणला होता. समुद्रावरून परत आलं की मशीन गोड्या पाण्यानं धुवावं लागे, नाहीतर मीठ त्याला खाऊन टाकतं. आमच्याकडे नळाला पाणी येतं काही दिवसांच्या अंतरानं. बाई हंडे भरून झाले की उरलेल्या पाण्यात अंगणात बसून ती तबकडी बाळाला न्हाऊ घालावं तशी धुवायच्या आणि शेजारच्या बायका कठड्यावरून बघत राहायच्या.

सुट्टी आली की आम्ही दोघी एसटीनं कोकण गाठायचो. किल्ल्या, खेळण्यातल्या गाड्या, पैंजणाचा तुकडा, एखादं बेंटेक्सचं कानातलं, असं काहीबाही सापडायचं. बाई ते किनाऱ्यावरच्या दुकानात ठेवून यायच्या. "कुणी विचारत आलं तर द्या," म्हणायच्या.

मी बरोबर जायचे ते पाण्यावर लक्ष ठेवायला. कानात हेडफोन असला की बाईंना लाट ऐकू येत नसे. मी सोलापूरची, मोठं पाणी म्हणजे उजनीचं, तेही गाडीतून पाहिलेलं. समुद्राकडे पाठ करून उभं राहायचीसुद्धा मला भीती वाटे. आणि सोलापुरात पंख्याखाली न बसणाऱ्या बाई तिथं पाण्याच्या काठानं खुशाल निघालेल्या असत. मी त्यांना विचारलं, "इथं नाही का भीती वाटत?"

"इथं कानात एकच आवाज असतो. डोकं रिकामं होतं," त्या म्हणाल्या. "बाकीची काळजी तू कर."

ती मी करायचे. माझा जीव टांगणीला लागलेला असायचा आणि बाईंच्या चेहऱ्यावर, मी इतर कुठं कधी पाहिली नाही अशी शांतता असायची.

त्या मशीननं सोलापुरातही आमच्या मागं एक कटकट लावली होती. मंद्रूपकडच्या कुठल्याशा गावाहून दोन माणसं आली. बाईंकडे जमिनीतलं सोनं दाखवणारं यंत्र आहे, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. वावरात आजोबाच्या काळचं गुप्तधन आहे म्हणाले. "म्याडम, एक डाव फिरवून बघा की. तुमाला काय तरास न्हाय. गाडीनं निऊ, गाडीनं आनून सोडू." बाईंनी नाही म्हटलं, तर ते शाळेच्या फाटकाशी यायला लागले. नुसते उभे राहायचे, नमस्कार करायचे. पण गुप्तधनापायी माणसं काय काय करतात हे पेपरात येतच असतं, त्यामुळे बाईंची झोप उडाली. मशीन माझ्या घरी माळ्यावर आलं आणि मग माझीही उडाली.

शेवटी एक दिवस बाईंनीच फाटकाशी थांबून त्यांना सांगितलं, "हे यंत्र फक्त खाऱ्या वाळूत चालतं. मातीत चालत नाही."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मोठा म्हणाला, "मग मीठ टाकतो की वावरात. किती पोती लागतील?"

बाई गडबडल्या. मग वर्गात बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "पोती टाकाल तितकी थोडी. पण नंतर त्या वावरात बरीच वर्षं काही उगवणार नाही."

ते नमस्कार करून निघून गेले. नंतर पुन्हा आले नाहीत. बाईंना मी पहिल्यांदाच खोटं बोलताना पाहिलं होतं. मशीन मातीतही चालत होतंच.

दुसऱ्यांदा पाहिलं ते कोकणात.

सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आली होती. आम्ही नेहमीच्या गावी, खोली भाड्यानं देणाऱ्या नेहमीच्या काकांकडे उतरलो होतो. किनाऱ्याच्या टोकाला एक काळा खडक आहे, भरती सुरू झाली की तिकडं जाऊ नका, तिथलं पाणी पाय ओढतं, असं काका दर वेळी बजावायचे. दुपारी ओहोटी होती. बाईंनी ओल्या वाळूत फेऱ्या घातल्या आणि ऊन उतरायच्या सुमाराला, म्हणजे पाणी पुन्हा वर यायला लागलं तेव्हा, एक बाई पदर सावरत आमच्याकडे आली.

"आवो ताई, सुनंचं गंठण पडलं हो माज्या. त्यो च्यावाला म्हनला, तुमच्याकडं मशीन हाय."

त्यांची पांढरी गाडी वर चहाच्या टपरीपाशी उभी होती, नंबर आमच्याच सोलापूरचा. मागून मुलगा आला. पांढरा शर्ट, बोलणं मऊ. खिशात दोन फोन होते, त्यातला एक गुलाबी कव्हराचा. आणि त्याच्यामागं सून. विशीचीसुद्धा नसेल. एवढ्या उकाड्यात पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून उभी होती.

बाईंनी तिलाच विचारलं, "कुठं कुठं गेली होतीस, बाळा?"

तिनं लांब, वरच्या कोरड्या वाळूकडे बोट केलं.

"तिकडं कुटं गेलतो आपन?" नवरा म्हणाला. "हितंच हुतो की, पान्याजवळ. त्या दगडापस्तोर."

बाईंनी त्या मुलीकडे क्षणभर बघितलं आणि हेडफोन कानाला लावून पाण्याच्या काठानं सुरुवात केली. नवरा त्यांच्या बरोबरीनं चालायला लागला. सासू वाळूत बसून कुणाला तरी फोनवर सांगायला लागली. सून माझ्याजवळ सरकली.

"ताई, त्येला लई खोल असलेलं बी कळतं का?"

"वीतभर खोल असलं तरी कळतं," मी अभिमानानं म्हणाले. "काळजी करू नकोस. बाईंना सापडतं."

ती काळ्या खडकाकडे बघत होती. मग खाली बघत, ओठ फारसे न हलवता म्हणाली, "घावू दिऊ नगा, ताई."

मला आधी कळलंच नाही.

"मीच पुरलंय त्ये. सासूबाई गाडीत म्हनल्या, काय हरवलंस तर बापाकडनं नवं आन, मगच घरात पाय ठिव. म्हनून पुरलं. हरवलं म्हनलं की धाडतील न्हवं मला माहेरी, दुधनीला? लगीन झाल्यापासनं एक डाव बी धाडलं न्हाई. माजा फोन बी त्यांच्याच खिशात असतो." मग तिनं सासूकडे बघून घेतलं आणि दंडावरचा पदर जरासा बाजूला केला. जुने डाग होते आणि त्यांच्यावर नवे होते. तिनं पदर परत ओढला. "माज्या आईकडं, अव्वाकडं जायचंय मला."

मी वळून बघितलं. बाई खडकाच्या दिशेनं निघाल्या होत्या. त्यांचा हात सावकाश डावीकडून उजवीकडे जात होता. नवरा खाली वाकून बघत चालला होता. एकदा तबकडी थांबली, बाई उकिडव्या बसल्या, झारा वाळूत गेला. बाटलीचं बूच निघालं.

मी पळत गेले. त्यांच्या कानावरचा हेडफोन बाजूला केला आणि सुचेल ते बोलले. "बाई, तुमच्या गोळीची वेळ झाली."

बाई कसलीच गोळी घेत नसत. गोळ्यांनाही त्या घाबरत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काही न विचारता मशीन खांद्याला लावलं आणि माझ्यामागून आल्या. मी पाण्याच्या बाटलीशी खटपट करत हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा समुद्रावरचा तजेला उतरला. ती मुलगी आमच्यापासून थोडी लांब, पाठमोरी उभी होती. बाईंनी तिच्याकडे न बघता विचारलं, "कुठं पुरलंस?"

"काळ्या दगडाच्या अंगाला. समुद्राच्या बाजूनं. मनगटाइतकं खोल."

"दुधनीत कुणाकडं?"

"बाजारात देवळासमोर आमच्या आप्पांचं भुसाराचं दुकान हाय."

बाई त्या मायलेकांकडे गेल्या. "पाणी चढतंय. लाटा आता वाळू हलवतात, मिळणं अवघड आहे. तुम्ही वर जाऊन चहा घ्या. मी शेवटचा एक फेरा मारते."

सासू उठली. "गेलंच म्हनायचं. आता हिच्या बापाला म्हनावं, कर नवं." तिघं वर टपरीकडे गेली. तिथून सगळा किनारा दिसत होता.

बाई खडकाकडे वळल्या. मला वाटलं, नुसतं दाखवायला वळल्या. पण त्या सरळ पाण्यात शिरल्या.

"बाई, राहू द्या ना. तिला ते सापडायलाच नकोय."

"म्हणूनच काढायचं. लाटेनं उघडं पडलं, की उद्या कुणीतरी उचलून टपरीवर नेऊन देईल. गाव चांगलं आहे. त्यांनी तिथं नंबर देऊन ठेवलाय. मग तिचं काय होईल?"

तोवर पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. मी जन्मात कधी समुद्रात शिरले नव्हते. त्यांच्या ओढणीचं टोक धरलं आणि शिरले. तबकडी पाण्याखाली गेली. बाईंच्या कानात मशीन आणि माझ्या कानात समुद्र. प्रत्येक लाट खडकावर आपटून परत येताना पाय बाहेर ओढत होती. मी बाईंना हाका मारत होते आणि त्यांना काही ऐकू येत नव्हतं. एका लाटेनं आम्हाला दोघींना खडकाशी ढकललं, माझं ढोपर फुटलं. बाई तशाच उभ्या, हात हलतोय, हात हलतोय. मग हात थांबला. त्याच जागेवर त्यांनी तबकडी पुन्हा एकदा फिरवली. माझ्याकडे वळल्या, मशीन माझ्या हातात दिलं आणि पाय घसरल्यासारख्या पाण्यात बसल्या, पार गळ्यापर्यंत. लाट त्यांच्या डोक्यावरून गेली. वरून बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई पडल्या. मलाही तसंच वाटलं आणि मी ओढणी जोरात ओढली.

त्या उठल्या तेव्हा मूठ मिटलेली होती. ती कुर्त्याच्या खिशात गेली.

वरून सासूनं ओरडून विचारलं, "घावलं का ओ?"

बाईंनी ओला हात वर करून नाही म्हणून हलवला.

गाडी निघाली तेव्हा ती मुलगी मागच्या काचेतून आमच्याकडे बघत होती. गंठण मिळालं की नाही, हे तिला सांगायची संधी आम्हाला मिळाली नाही. नवऱ्यानं माझा नंबर लिहून घेतला होता. "घावलं तर कळवा, म्याडम."

परतीच्या एसटीत मी म्हणाले, "बाई, ही चोरी झाली."

"हो का गं?"

"ते पोलिसात गेले तर?"

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. "गेले तर जाऊ आपण. पण त्यांच्या हातात कसं देणार होते? ज्याच्या गळ्यातलं, त्यालाच द्यायला पाहिजे ना?" एवढं बोलून त्यांनी पर्सची चेन उघडून आत बघितलं. कऱ्हाड येईपर्यंत त्या ती चेन उघडत होत्या आणि लावत होत्या.

पुढचे आठवडे फोनच्या धाकात गेले. नवऱ्याचा फोन मला यायचा. आवाज तसाच मऊ. "काय म्याडम, घावलं का? परत गेलता का तिकडं?" मी नाही म्हणायचे आणि फोन ठेवून भिंतीला टेकायचे. त्याला संशय आला असेल का? त्यानं त्या मुलीकडून खरं काढून घेतलं असेल का? तिला विचारायला काही मार्ग नव्हता. सासरचं गाव आम्हाला माहीत नव्हतं, फोन त्याच्याकडेच होता. ती माहेरी पोचण्याआधी दुधनीला जावं, तर बोभाटा सासरी जाऊन तिच्याच अंगावर येईल. गंठण बाईंच्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेलं. आम्ही तिला वाचवतोय की तिचा घात करतोय, हेसुद्धा कळत नव्हतं.

बाई डबा आणायच्या आणि तसाच परत न्यायच्या. सगळ्यात वाईट म्हणजे सकाळचा पेपर. आधी त्या पेपर वाचतच नसत, भीती वाटते म्हणून. आता स्टाफरूममध्ये पेपर येऊन पडला की जिल्ह्याचं पान आधी उघडायच्या आणि बोट फिरवत वाचायच्या. विवाहिता हा शब्द दिसला की बोट थांबायचं. गाव वाचायच्या, वय वाचायच्या आणि मग पान मिटून डोळेही मिटायच्या. "ती नाही," एवढंच म्हणायच्या. दुसऱ्या कुणाची तरी पोर असायची ती, आणि तेही त्यांना सोसत नसे.

मग एक दिवस मधल्या सुट्टीत फोन आला. मी जिन्यात होते. "म्याडम, आता राहू द्या," तो म्हणाला. "बायकोला धाडलंय बापाकडं. नवं घिऊन यील."

मी बाईंना सांगितलं, तर त्या जिन्याच्या पायरीवरच बसल्या. मुलं त्यांना वळसा घालून जात होती.

रविवारी आम्ही दुधनीला गेलो. अक्कलकोटला गाडी बदलली. देवळासमोरचं दुकान लगेच सापडलं. तुरीची पोती, मोठा वजनकाटा आणि गल्ल्यावर डोक्याला टोपी घातलेला साधा माणूस. बाईंनी शाळेचं नाव सांगितलं, मुलीशी समुद्रावर ओळख झाल्याचं सांगितलं. "बर्री, बर्री, आत या," म्हणत त्यानं आम्हाला मागं घरात नेलं. आतल्या दारात ती उभी होती. आम्हाला बघून ती चौकटीला धरून राहिली.

बाईंनी रुमाल सोडला आणि पेपर पसरून त्याच्यावर गंठण ठेवलं.

आप्पांचा चेहरा उजळला. "घावलं म्हना की. लई उपकार झाले बघा. म्या सोनाराकडं जानारच हुतो उद्या." त्यांनी हात जोडले आणि मग खिशातून फोन काढला. "जावयाला कळवतो. पोरीला उद्याच पोचवून येतो."

मी त्या मुलीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, काहीच नव्हतं. माझ्या मनात आलं, हिला इथं राहायला एकच निमित्त होतं आणि तेच आम्ही एसटीत बसून घेऊन आलो.

बाईंनी गंठणावर तळहात ठेवला. "थांबा," त्या म्हणाल्या. "फोन लावू नका. ते हरवलं नव्हतं."

"म्हंजे?"

"तिनं पुरलं होतं. मी काढलं. त्यांना मिळालं नाही म्हणून सांगितलं. तिला इकडं यायचं होतं आणि दुसरा रस्ता नव्हता. का यायचं होतं, ते तुम्ही तिला विचारा. मी त्यासाठीच आले."

आप्पांनी मुलीला कानडीत काहीतरी विचारलं. तिनं पदर ओढून घेतला. मग आतून तिची आई आली, हाताला भाकरीचं पीठ तसंच. तिनं मुलीचा हात धरला आणि आत नेलं. पडदा पडला. आप्पा हातातल्या फोनकडे बघत उभे होते, बाई पेपरवर हात ठेवून बसल्या होत्या. मग आतून हळू रडण्याचा आवाज आला, पण तो मुलीचा नव्हता.

आई बाहेर आली. आप्पांसमोर उभी राहून शांतपणे एकच वाक्य बोलली आणि परत आत गेली.

आप्पा खाली बसले. आम्ही विचारलं नव्हतं, तरी त्यांनीच मराठीत सांगितलं. "म्हनती, पोरीला धाडायचं असंल तर मलाबी संगट धाडा." त्यांनी बाईंचा हात हळूच बाजूला केला, पेपराची घडी गंठणावर घातली आणि फोन खिशात ठेवला.

चहा घेतल्याशिवाय त्यांनी आम्हाला सोडलं नाही. स्टँडवर पोचवायला स्वतः आले. गाडी लागली तेव्हा म्हणाले, "म्याडम, तुमी शिकल्याली मानसं. त्यांच्याशी खोटं बोलला व्हय?"

"बोलले," बाई म्हणाल्या.

"मीबी बोललो. सगळ्या पावण्यांना सांगितलं, लई चौकशी करून पोरगी दिली म्हनून." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "चौकशी कुनी किलती? गाडी बघितली दारातली."

ते काय करणार, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. सोलापूर येईपर्यंत बाईंनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

आप्पांनी पोरीला धाडलं नाही. भावकीतली माणसं घेऊन ते गंठण स्वतः तिच्या सासरी नेऊन ठेवलं आणि पोरगी परत येणार नाही असं सांगून आले. पुढं कोर्टकचेरी झाली, ती बराच काळ चालली. नवऱ्याचा मला शेवटचा फोन आला तेव्हा आवाजातला मऊपणा गेलेला होता. "तुमी शाळंतल्या बाया, दुसऱ्याच्या घरात..." असं सुरू झालं. समोर बसलेल्या बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "मला ते मिळालं होतं," त्या म्हणाल्या. "मीच तुम्हाला खोटं सांगितलं. यांना फोन करू नका." फोन ठेवला आणि म्हणाल्या, "पाणी दे गं." पेला दोन्ही हातांनी धरून प्यायल्या.

ती मुलगी बाहेरून बारावीला बसली. परीक्षेचं केंद्र सोलापुरात आलं आणि ती बाईंकडे राहायला आली. तोवर माझी बदली दुसऱ्या गावी झाली होती, पण त्या आठवड्यात मी सोलापुरात होते. बाईंच्या घरी गेले तर कुलूप. शेजारणीनं सांगितलं, त्या परीक्षेच्या शाळेवर गेल्यात.

मार्चचं ऊन आमच्याकडे कसं असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. फाटकासमोर कडुलिंबाची सावली होती, तिथं सगळे पालक बसले होते. बाई सावलीत नव्हत्या. तिथून खिडक्या दिसत नाहीत म्हणून त्या उन्हात, डोक्यावर ओढणी घेऊन, फाटकाच्या गजांना धरून उभ्या होत्या.

"चला बाई, समोर रस घेऊ," मी म्हणाले. "पेपर सुटायला अवकाश आहे."

"तू जा. मी थांबते." त्यांनी माझा हात धरला. "आज इंग्रजी आहे. तिचं व्याकरण कच्चं आहे गं. रात्री नीट जेवलीही नाही."

"येईल तिला."

"येईल ना?" त्या पुन्हा खिडक्यांकडे बघायला लागल्या. थोड्या वेळानं, तिकडंच बघत, म्हणाल्या, "किती बरं वाटतंय बघ. नुसती पेपराची भीती वाटतेय."